तुरट

शिराज हे नाव मराठी वाचकाला प्रथम भेटले ते हाफिजचे गाव म्हणून. माधव जूलियनांनी खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या आणि एका रूपांतराला ‘द्राक्षकन्या’ असे नाव दिले, तेव्हापासून साकी आणि प्याला आपल्या कवितेत रुळले. त्या कवितेत नशा पुष्कळ होती. चव फारशी नव्हती. पिणाऱ्याच्या जिभेवर नेमके काय घडते, हे सांगण्याची गरजच कोणाला भासली नसावी.

आता शिराज नावाचे द्राक्ष दिंडोरीत पिकते आणि प्रश्न चवीचाच येतो. या द्राक्षाचा इराणशी संबंध केवळ दंतकथेतला. 1998 मध्ये जनुकीय तपासणीतून ठरले की त्याचे आईबाप, म्हणजे मोंदूज ब्लांश आणि द्युरेझा, हे दोन्ही आग्नेय फ्रान्समधले वाण आहेत. तिथे ऱ्होन नदीकाठी त्याला सिरा म्हणतात. जेम्स बस्बीने 1832 मध्ये युरोपातून वेलींची कलमे ऑस्ट्रेलियात नेली आणि शिराज हे नाव त्या देशात पक्के झाले. नाशिकच्या बाटलीवर तेच नाव दिसते. सुलाच्या एका बाटलीवर तर ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराज’ असे छापलेले असते. इराणी शहराचे नाव, फ्रेंच कुळ आणि शेजारी आपला तालुका! मला ती चिठ्ठी एखाद्या संकरित शब्दासारखी वाचावीशी वाटते.

एकच वाण जागा बदलली की स्वभाव बदलतो. ऱ्होनच्या थंड उतारांवर तो शिडशिडीत आणि मिरमिरीत. बरोसाच्या उन्हात गर्द, भारदस्त, जवळजवळ मुरंब्यासारखा. नाशिकचे गणित निराळेच. येथे वेलीला बर्फाळ हिवाळ्याची झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करावी लागते. (‘गोडी छाटणी’ हा शब्द कोणा कवीने घडवलेला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.) युरोपात उन्हाळा ओसरताना द्राक्षे पिकतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, म्हणजे ऊन चढत असताना. साखर झपाट्याने भरते, साल आणि बी मात्र मागे रेंगाळतात. निफाडची थंड रात्र थोडी सावरून घेते. तरीही अनेक नाशिकी लाल वाइनींमध्ये एक कच्चा करकरीतपणा राहतो, असे माझे मत आहे. शिवाय खाण्याच्या द्राक्षांवर हात बसलेल्या बागाईतदाराला आपले कसब उलटे करावे लागते. टपोरा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी त्याचा अभिमान. वाइनला हवा बारीक, जाड सालीचा, बियांचा. रंग सालीतून उतरतो, तुरटपणा साल आणि बी या दोन्हींतून. आतला रस फिकाच असतो.

गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत चव दाखवणारा तरुण आम्हांला ‘ब्लॅकबेरी’, ‘चॉकलेट’, ‘प्लम’ अशी नावे पाठ म्हणून दाखवत होता. ब्लॅकबेरी खाल्ली आहेस का, असे विचारल्यावर तो मोकळेपणाने हसला. मग म्हणाला, “जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना सर, तसं.”

त्याने सांगितले ते अचूक होते. इंग्रजीतल्या ‘टॅनिन’ची संवेदना आपण रोज ‘तुरट’ म्हणून ओळखतो. आवळा, हिरडा, सुपारी, कच्चे केळे यांनी तो शब्द आपल्या जिभेवर घडवला आहे. आयुर्वेदाच्या सहा रसांत कषाय स्वतंत्रपणे मोजला गेला. भरताला नाट्यातला रस समजावून देताना व्यंजने आणि मसाले एकत्र आल्याचाच दृष्टान्त सुचला. पुढच्या आलंकारिकांनी पानकाचा घेतला. रस, रुची, आस्वाद असे आपल्या समीक्षेचे अर्धे भांडवल स्वयंपाकघरातून उसने आणलेले आहे. पुस्तकाला आपण खुशाल ‘रसाळ’ म्हणतो. पेला हाती आला की मात्र ब्लॅकबेरी आठवते.

याचा अर्थ ब्लॅकबेरीच्या जागी जांभूळ चिकटवावे असा नव्हे. तो नुसता अनुवाद होईल, आणि अनुवादाला जीभ लागत नाही. करवंद, कोकम, ओली माती अशी देशी यादीही पाठ म्हणता येते. जाहिरातवाले ते करतीलच. प्रत्येक शब्द घोट घेऊन तपासावा लागेल. जांभूळ माझ्यापुरते टिकते, कारण रंग, आंबटपणा आणि जीभ आखडणे हे तिन्ही जुळते. करवंदाबद्दल मी साशंक आहे. त्याचा चीक शिराजमध्ये मला सापडत नाही.

मिरीचे प्रकरण याहून मजेचे. शिराजमध्ये मिरी लागते, हे रसिकांचे म्हणणे मी बरीच वर्षे निव्वळ अलंकार समजत असे. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्या वासामागचे द्रव्य शोधले. रोटंडोन त्याचे नाव, आणि काळ्या मिरीतही तेच असते. थंड जागी पिकलेल्या द्राक्षात ते अधिक उतरते. दिंडोरीच्या बाटलीत मला ते फार पुसट लागते. कधी दुसऱ्या घोटाला, कधी लागतच नाही.