वाटणीत न आलेली लाईन

नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या घरातून गडर तुंबल्याचा फोन आला की मी आधी एकच विचारतो, पाणी सगळ्यात पहिले कुठे वर आलं? "सगळीकडेच तुंबलं" हे उत्तर माझ्या कामाचं नाही. नुसतं सिंक भरलं असेल तर दोष त्याच्याच पाईपात. पण वर कोणी आंघोळ केली आणि खालच्या न्हाणीच्या जाळीतून फेस आला, तर मुख्य लाईन बसली समजा. मग चेंबर उघडायचं. ते काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे आहे, कोरडं असेल तर मागे, घराच्या बाजूला. एवढं कळल्याशिवाय कामटीला हात लावू नये.

खरी अडचण चेंबर सापडण्याची. इथल्या गल्ल्यांत एकेका वाड्याचे चार-चार हिस्से झाले. खोल्या वाटल्या, अंगण वाटलं, जिन्यावरूनही वाद झाले. सांडपाण्याची लाईन मात्र आजोबांच्या काळातली एकच राहिली. ज्या चार इंची पाईपावर एक न्हाणी आणि एक संडास होता, त्याच पाईपावर आता प्रत्येक हिस्स्याचं बाथरूम आणि वॉशिंग मशीन. चेंबर कोणाच्या दुकानात टाईलखाली, कोणाच्या ओट्याखाली. तुंबतं एकाचं, फोडावं लागतं दुसऱ्याचं. "मी काहून फोडू देऊ माझी फरशी?" असं एका काकांनी मला दारातच अडवून विचारलं होतं. वरून त्यांच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचंही पाणी त्यातूनच जाते ना जी." काका गप्प झाले आणि स्वतःच सब्बल घेऊन आले. पाईपातली घाण काढणं त्यामानानं सोपं असतं.

कामटी म्हणजे बांबूची चिरलेली लांब पट्टी. मशीनची स्प्रिंग माझ्याकडे आहे, पण जुन्या लाईनीत मी आधी कामटीच घालतो, कारण आत काय आहे ते ती हाताला सांगते. चरबी असेल तर मऊ अडते, दाबली की थोडी पुढे जाते. सावजीची तर्री असो की घरचं तूप, थंडीत पाईपाच्या आतून त्याचा थर बसतो. विटेचा तुकडा असेल तर टक्क आवाज येतो. पिंपळाची मुळी झोंबते आणि ओढताना तंतू घेऊन येते. टोकाला काळी माती लागून आली तर मात्र सफाई थांबवायची. पाईप फुटला आहे. ही माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि जुन्या चिनी मातीच्या पाईपांचे जोड उकलतात. तिथं खोदण्याला पर्याय नाही.

माझी एक कळकळीची विनंती असते, मी येण्याआधी ॲसिड ओतू नका. चरबी त्यानं विरघळत नाही, पण साचलेलं ॲसिड झाकण उघडणाऱ्याच्या अंगावर उडतं. वरून ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो.

सराफ्यात झारेकरी नालीतला गाळ धुऊन त्यातले सोन्याचे कण वेचतात. त्या गाळाची कोणाला किळस येत नाही. मग गडर साफ करणाऱ्याला चहा वेगळ्या कपात का देतात, हे मला अजून पटलेलं नाही. खोल चेंबरमध्ये "जरा उतरून बघ ना" असं अजूनही सहज सांगितलं जातं. मी उतरत नाही, पोरांनाही उतरू देत नाही. तिथल्या हायड्रोजन सल्फाईडला आधी सडक्या अंड्याचा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो. वास गेला म्हणून उतरलेली माणसं वर आली नाहीत. 2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हा ठरला, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. एवढ्या खोल चेंबरसाठी महानगरपालिकेची गाडी बोलवायची, मग कितीही वेळ लागो.

शहराच्या सांडपाण्यातलं बरंचसं आता भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं. हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं, आणि काही घरांत तरी पॉलिथिन नि चिंध्या संडासात टाकणं थांबतं.

घराचं काम काढत असाल तर चार इंची लाईनला चाळीस फुटांत एक फूट उतार ठेवा, प्रत्येक वळणावर चेंबर द्या आणि त्यावर टाईल बसवू नका. हिस्से पाडताना लाईन कुठून जाते त्याचा नकाशा प्रत्येक भावाकडे द्या, चेंबरच्या खुणेसकट.