जपानी भुंगेऱ्याची ओळख

बागेतल्या किडीचा बंदोबस्त करण्याआधी तिची नेमकी ओळख पटावी लागते, आणि ही ओळख नावापुरती असून भागत नाही, हे जपानी भुंगेऱ्यावरून चांगले स्पष्ट होते. 'पॉपिलिया जॅपोनिका' हे शास्त्रीय नाव असलेला हा कीटक अमेरिकेत प्रथम १९१६ साली न्यू जर्सी राज्यातील रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत आढळला. परदेशी रोपांच्या तपासणीचा १९१२ सालचा कायदा लागू होण्यापूर्वी आयरिसच्या कंदांबरोबर त्याच्या अळ्या तेथे पोचल्या असाव्यात, असे मानले जाते.

सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या या भुंगेऱ्याचे डोके व छाती चकचकीत हिरवी, तर पाठीवरचे कठीण पंख तांब्याच्या रंगाचे असतात. परंतु अशी झळाळी इतर भुंगेऱ्यांतही दिसत असल्याने केवळ रंगावरून निवाडा करू नये. खात्रीची खूण पंखांच्या कडेखाली असते: पोटाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे प्रत्येकी पाच झुपके आणि मागच्या टोकाला आणखी दोन. शिरा तशाच ठेवून मधला हिरवा भाग खाल्ल्यामुळे जाळीदार झालेली गुलाबाची वा द्राक्षाची पाने या ओळखीला दुजोरा देतात. जमिनीखालची अवस्था महाराष्ट्रातील ऊस आणि भुईमूग उत्पादकांना सहज उमजेल, कारण त्यांच्या परिचयाची हुमणी ही याच कुळातील भुंगेऱ्यांची अळी आहे. जपानी भुंगेऱ्याची अळीही तशीच पांढरट व वाकलेली असून गवताच्या मुळांवर जगते, आणि तिच्या शेवटच्या वलयाखालील बारीक काट्यांची मांडणी भिंगातून 'व्ही' अक्षरासारखी दिसते.

जपानमध्ये हा कीटक फारसा उपद्रवी ठरत नाही, कारण तेथे त्याचे नैसर्गिक शत्रू आहेत आणि अळ्यांना पोसणारी विस्तीर्ण हिरवळ कमी आहे. अमेरिकेत मात्र शत्रू मागे राहिले आणि घरोघरी पाणी देऊन राखलेली हिरवळ आयतीच मिळाली. कुरतडलेल्या पानांतून सुटणारा गंध आणखी भुंगेऱ्यांना बोलावतो, म्हणून एकाच झाडावर त्यांची झुंबड उडते. फुलांचा वास आणि मादीचा कामगंध वापरणारे सापळेही, त्यांत सापडतात त्याहून अधिक भुंगेरे ओढून आणतात आणि शेजारच्या झाडांचे नुकसान वाढवतात. त्यामुळे लहान बागेत, सकाळी ते सुस्त असताना पहिल्या दिवसापासून वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हाच उपाय श्रेयस्कर होय.

वेचतानाही प्रत्येक भुंगेरा पारखून घ्यावा. डोक्याच्या लगेच मागे, छातीवर, पांढरा ठिपका दिसला, तर ते जपानमधून मुद्दाम आणलेल्या एका परजीवी माशीचे अंडे असण्याचा संभव असतो; त्यातून निघालेली अळी भुंगेऱ्याच्या शरीरात शिरून त्याला आठवडाभरात मारते आणि तेथेच कोषात जाते. असा भुंगेरा झाडावरच राहू द्यावा, कारण त्याला मारणे म्हणजे पुढच्या वर्षीची माशी मारणे होय.