सोलापुरात शीड

नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं तेव्हा मी गल्लीत नव्हतो. हिप्परग्याच्या तलावावर होतो. संध्याकाळी सायकल भिंतीला लावतोय तोवर मावशीनं दारातच धरलं. "घरात घागर कोरडी, अन् हा पाण्यावर वारा खात फिरतोय." तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. मी मुकाट दोन हंडे घेतले अन् पलीकडच्या हापशावर गेलो. तिथं पोरं टपलेलीच. "काय बे होडीवाला, तुझ्याकडचं पाणी संपलं काय?"

तर दोस्तांनो, कबूल करून टाकतो. मला नाद आहे. दारूचा नाही, मटक्याचा नाही. शिडाच्या होडीचा. अन् मी राहतो सोलापुरात. समुद्र इथून एसटीनं एक अख्खी रात्र लांब.

मी मूळचा रत्नागिरीचा. भाट्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला आमची बौद्धवाडी. आमच्याकडची माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत जायची, तसा आजाही गेला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. आजानं वर्षभर वाट बघितली, मग ट्रंक घेऊन गावी आला तो पुन्हा गेला नाही. गिरणीचं तो फारसं बोलत नसे. तरीचं बोलायचा. तो लहान असताना खाडी ओलांडायला तर होती. आपल्या माणसांनी सगळ्यांच्या शेवटी चढायचं, नाळेशी उकिडवं बसायचं, कुणाच्या टोपलीला धक्का लागू द्यायचा नाही. पैसे मात्र तेवढेच. "मी उभा जन्म खाडीकाठी काढला, पण होडीत नीट मांडी घालून कधी बसलो नाय," असं तो म्हणायचा.

मला शीड शिकवलं ते खाडीच्या तोंडाशी राजिवड्याला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांनी. सगळ्यांनी होड्यांना इंजिनं बसवली, यांनी नाही. लोक हसायचे. चाचा म्हणायचे, डिझेलवाला उधार देत नाही, वारा मागत नाही. मी आठवीत होतो. जाळं ओढायला हाताखाली पोरगा पाहिजे होता म्हणून मला घेतलं. जात विचारली नाही असं नाही. विचारली, मी सांगितली, अन् त्यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं. एवढंच म्हणाले, "घट्ट आवळू नको बाळा. होडी काय म्हणते ते हाताला कळलं पाहिजे."

चार वर्षं मी त्यांच्याबरोबर होतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई सुटतो, तो बाहेर नेतो. दुपारी खारा वारा सुटतो, तो घरी आणतो. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. गणितात मी दोनदा नापास झालेला माणूस, पण हा हिशेब माझा कधी चुकला नाही. पुढं शाळा सुटली. जे काही वाचतो-लिहितो ते नंतरचं, वाचनालयातलं अन् रद्दीतलं.

बाबा गेले, बहिणीचं लग्न अंगावर आलं. मावशी सोलापुरात दिलेली. तिच्या नवऱ्यानं शहराबाहेरच्या एका सूतगिरणीत ठेकेदाराकडे चिकटवून दिलं. आजा गिरणीसाठी समुद्राच्या बाजूला गेला होता, मी गिरणीसाठी समुद्राकडे पाठ फिरवली. जून महिना होता. एसटी आंबा घाट चढून वर आली, कोल्हापूर गेलं, मिरज गेलं, अन् नागज-ढालगावच्या बाजूला माळावर पवनचक्क्या दिसल्या. शेकड्यांनी. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, माझ्या गावाकडं. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिलो. माझ्याबरोबर वारापण घाट चढून आला होता. पाऊस तेवढा मागं ठेवून आला होता.

आता गिरणीचं सांगतो. मी साचाखात्यात आहे. सूत तुटतं, ते सांधायचं. पुन्हा तुटतं, पुन्हा सांधायचं. सूत कोरडं पडलं की पटापट तुटतं म्हणून खात्यात हवा दमट ठेवतात. दारंखिडक्या बंद. बाहेरचा वारा आत आलेला कुणालाच परवडत नाही. साच्यांच्या डोक्यावर रुळावरून एक पंखा फिरतो, तो कापसाचं तूस उडवतो. दर दोन-तीन मिनिटांनी तो माझ्या मानेवरून जातो. आठ तासांत माझ्या वाट्याला येणारा वारा तेवढाच. पाळी सुटली की भुवया पांढऱ्या. आरशात बघितलं की आजा दिसतो.

पहिल्या वर्षी मी पाणी शोधलं नाही. सिद्धेश्वराचा तलाव बघितला, गावाच्या मधोमध, लोकांनी भरलेला. संभाजी तलावावर गेलो, तिथं पाय मारायच्या होड्या. त्यात मन रमेना. मग एका सुट्टीला सायकल काढून तुळजापूर रस्त्यानं गेलो अन् हिप्परगा दिसला. सरकारी कागदात एकरुख. इंग्रजांनी अदिला नदीवर बांध घालून 1871 साली पुरा केलेला. पाण्यावर लाटा होत्या. बारक्या, पण पांढऱ्या तोंडाच्या. पांढरं तोंड म्हणजे शिडाजोगता वारा. मी सायकल तिथंच आडवी टाकली.

काठावर एक भोई मामा जाळं निवडत बसले होते. त्यांची पत्र्याची सपाट होडी होती, वल्ह्यानं चालणारी. बाकीचे मासेवाले थर्माकोलच्या तुकड्यावर नाहीतर ट्यूबवर बसून जाळी टाकत होते. मी म्हटलं, मामा, हिला शीड लावू का? मामांनी मला वरखाली बघितलं. "वारा काय फुकट नेतोय व्हय रं?" मी म्हटलं, नेतो. त्यांचा विश्वास बसला नाही. पण सुट्टीच्या दिवशी जाळं ओढायला फुकट माणूस मिळतोय, एवढं त्यांनी बरोबर हेरलं. सौदा झाला. सकाळी मी त्यांचं काम करायचं, दुपारनंतर होडी माझी.

पहिलं शीड मी सोलापुरी चादरीचं केलं. हसू नका. मावशीकडं जुनी चादर होती अन् वेळवाची डोलकाठी केली होती. चादर एकदा भिजली ती पाच शेराची झाली. होडी उभ्या जागी डुलायला लागली. मग फ्लेक्स आणला. चौकात कुणाचा तरी वाढदिवस होऊन गेला होता, फलक गटारात पडला होता. धुऊन घेतला. पांढरी बाजू बाहेर, चेहरे आत. त्यामुळं मी सुकाणूवर बसलो की समोर कुणीतरी युवा नेते हात जोडून उभे. त्यांच्या हातून समाजाची जी काय सेवा झाली ती हीच, असं मी धरून चालतो. फ्लेक्स पाणी पीत नाही, वारा अडवतो. घडी मात्र घालायची नाही, गुंडाळायचा. घडीवर तडकतो.

पण होडी सरळ जाईना. वारा पाठीशी असेल तर ठीक. आडवा आला की खेकड्यासारखी बाजूला सरकायची. दोन सुट्ट्या वाया गेल्या. मग कळलं. चाचांच्या होडीला खाली कणा होता, पोट खोल होतं, ते पाण्यात रुतून राहायचं. हिचं पोट ताटासारखं. ताट पाण्यावर कुठंही जातं. तेव्हा बाजूला एक रुंद फळी दोरीनं अडकवली, पाण्यात उभी सोडली. वाऱ्यानं ढकललं की फळी पाण्याला टेकून अडते, होडी पुढं सटकते. अन् मग ते झालं जे मला मामांना दाखवायचं होतं. समोरून वारा असताना होडी वाऱ्याकडे गेली. सरळ नाही, तिरकी. एकदा डाव्या अंगानं, एकदा उजव्या अंगानं, नागमोडी. मामा काठावर उभे राहून बघत होते. परत आलो तर म्हणाले, "आयला, उलटं पण जातंय की."

गोड्या पाण्यात होडी जरा जास्त बुडते. खारं पाणी उचलून धरतं, हे धरत नाही. भरती-ओहोटी इथं नाही. म्हणजे माझा पाऊणपटीचा हिशेब इथं निकामी. इथल्या पाण्याची तिथी वर्षाची. परतीच्या पावसानंतर भरती, वैशाखात ओहोटी, अन् मधे चिखल. गल्लीतली भरती मात्र पाचव्या दिवशी. तिचा हिशेब मावशीकडं असतो. सगळ्यात उलटं म्हणजे मोसम. गावाकडं 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. चाचांच्या बिनइंजिनाच्या होडीला कायदा लागत नव्हता, तरी पावसाळ्यात ते तिला वर ओढून झापांनी शाकारायचे. नारळी पुनवेपर्यंत पाण्याकडं बघायचं नाही. इथं आषाढच शिडाचा महिना. पाऊस थेंबथेंब, वारा मात्र दिवसभर एका लयीत. थंडीत तोच वारा मरतो, मी वल्हं मारत घरी येतो.

अन् वैशाखातला वारा, त्याला भ्यावं. दुपारनंतर ढग चढले की आधी सगळं गप्प होतं, मग धाडकन वावटळ. 2024 च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यावर कुगावहून कळाशीला निघालेली होडी अशाच वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली. ती हौशी नव्हती. रस्त्यानं मोठा वळसा पडतो म्हणून होडीत बसलेली माणसं होती. त्या आठवड्यात मी तलावावर गेलो, पण होडी सोडली नाही. नुसता काठावर बसलो. तेव्हापासून ट्यूब कमरेला बांधल्याशिवाय मी कुणाला चढू देत नाही. मामा चेष्टा करतात. करू देत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

एकदा काठावर एका पांढऱ्या कपड्यातल्या गृहस्थानं मला अडवलं. मासे चोरतोस काय? नाही. पाहणीवाला आहेस? नाही. मग पाण्यात कशाला? मी म्हटलं, असंच. "असंच" हे त्याला पटेना. गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. ते कळल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला, कोडं सुटल्यासारखा. म्हणाला, "तुमच्या लोकांना मोर्चे सोडून हे काय नवीन?" अन् गेला.

त्याच महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात मी उशिरा पोचलो. पायाला चिखल होता. एका मित्रानं, माझ्या जिवलग मित्रानं, सगळ्यांसमोर विचारलं. वस्तीत पाणी नाही, ठेकेदार डबल पाळी करून घेतो, गावोगाव आपल्या पोरांवर हात पडतोय, अन् तू होड्या खेळतोस? हे क्लबवाल्यांचं थेर आपल्याला कशाला? मी म्हटलं, बाबासाहेबपण बोटीत बसले होते. तो म्हणाला, "1913 साली. शिकायला गेले होते. वारा खायला नाही." वर्ग हसला. मीपण हसलो, चांगलं बोलला होता.

रात्रपाळीला तेच डोक्यात. सूत सांधतोय अन् डोक्यात तेच. काठावरचा माणूस अन् माझा मित्र, एक शत्रू, एक सखा, अन् प्रश्न दोघांचा एकच? आपल्या माणसानं पाण्यावर कामाशिवाय जाऊ नये, हे दोघांनी मिळून कधी ठरवलं? 20 मार्च 1927 ला महाडला माणसं तळ्यावर गेली. तहान लागली म्हणून गेली नव्हती. बाबासाहेब मजूरमंत्री होते त्या काळात कामाचा आठवडा कमी करायची लढाई झाली, अन् 1946 च्या कायद्यानं तो 54 तासांवरून 48 वर आला. ते वाचलेले 6 तास कुणाचे? सभेचे? अभ्यासाचे? घरचे? त्यातला अर्धा तास नुसता बसायचा नाही? अन् बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, ते कुठल्या मोर्चात वाजवायला?

हे मी मित्राला बोललो नाही. बोलायला गेलो की माझं अडखळतं. शिवाय त्याचंही खोटं नव्हतं. डबल पाळीचा अर्ज मी लिहिलेला, सह्या त्यानं गोळा केलेल्या. ज्या दुपारी तो सह्यांसाठी दारोदार फिरत होता त्या दुपारी मी तलावावर होतो. हे मला टोचतं. अजूनही टोचतं. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

गेल्या आषाढात तो स्वतः आला. न सांगता, बसनं. पोहता येत नाही म्हणाला. त्याच्या कमरेला ट्यूब बांधली. नाळेशी उकिडवा बसायला लागला, मी म्हटलं, तिथं नको, मधे बस, मांडी घाल. फळी सोडली, शीड ओढलं. होडी कलली तसा त्यानं दोन्ही हातांनी काठ धरला अन् मला आईवरून शिवी दिली. मग वारा भरला. पाण्याचा तो आवाज सुरू झाला, पत्र्याखालून येणारा, खळखळ. तो बराच वेळ काही बोलला नाही. तलावाच्या मध्यावर ओंजळ भरली.

मी म्हटलं, पिऊ नको, गाळ आहे.

"पीत नाय बे," तो म्हणाला, "तोंड धुतोय."

परत येताना सुकाणू त्याच्या हातात दिलं. घट्ट आवळून धरलं होतं. मी काही बोललो नाही. त्यानं होडी दोनदा वाऱ्याच्या तोंडात घातली, शीड फडफडून मेलं, मामा काठावरून ओरडले. तिसऱ्यांदा जमलं. त्या दिवशी वर्गाला आम्ही दोघंही उशिरा पोचलो.

फ्लेक्स आता कडेनं तडकलाय. नेत्याचा एक कान गेला. नवा बघतोय. जयंतीचा कुणी देऊ नका, तो मी लावणार नाही. फळीपण कुजली, आंब्याची होती, सागाचा तुकडा कुणाकडं असेल तर सांगा. अन् येणार असाल तर पाळीच्या सुट्टीला दुपारी दोनच्या आत या, ट्यूब आपापली आणा. मामांकडं एकच आहे, अन् ती ते कुणाला देत नाहीत.