खुनाच्या बातमीतलं विशेषण

कोल्हापुरात बातम्यांच्या डेस्कवर बसणाऱ्या माझ्यासारख्या उपसंपादकाच्या वाट्याला एक शब्द सतत येतो: ‘निर्घृण’. खून म्हटला की वार्ताहर तो आपसूक लिहून जातात. मी तो काढतो, कारण तो फार मोलाचा आहे. घृणा म्हणजे आज आपल्याला किळस. संस्कृतात मात्र तिचा एक अर्थ करुणा. निर्घृण म्हणजे ज्याला दया नाही असा. इंग्रजीतला ‘ब्रूटल’ काय किंवा आपला ‘पाशवी’ काय, दोघेही माणसाच्या क्रौर्याचा आळ जनावरावर घालतात. ‘निर्घृण’ तसं करत नाही. दया असायला हवी होती, ती नव्हती, एवढंच तो सांगतो. प्रत्येक खुनाला तो चिकटवला की वाचकाच्या डोळ्याला तो दिसेनासा होतो.

निवडणूक आली की मतदानाच्या आदल्या रात्रीला ‘कत्तलीची रात्र’ म्हणायची हौस येते. या शहरात तरी ते मला सहन होत नाही. इथं मोहरमची खत्तलरात्र असते; खत्तल म्हणजे ही कत्तलच. मोहरमचे पंजे भेटीला निघतात, बाबूजमाल तालमीच्या नाल्या हैदर पंजाच्या दर्शनाला गर्दी लोटते, तालमीतली हिंदू पोरंही पंजांच्या सेवेत असतात. 2018 ते 2020 या तीन वर्षांत मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा कित्येक तालमींत गणपती आणि पंजे शेजारी बसले होते. इ.स. 680 मध्ये करबलात इमाम हुसेन आणि त्यांच्या सोबत्यांचं पाणी तोडलं, मग त्यांना मारलं. त्या तहानेच्या आठवणीनं रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला, जात न विचारता, सरबत दिलं जातं. हा शब्द इथल्या लोकांनी असा सांभाळलाय. मतदानाआधीच्या रात्रीच्या पैसेवाटपाच्या बातमीला तो कसा देऊ?

राजकारणाला जोरदार मथळा हवाच असेल, तर खासबागचं कुस्ती मैदान जवळ आहे. चीतपट करा, आस्मान दाखवा. हरलेला पैलवान उठून अंगावरची माती झाडतो.

खुनाची बातमी आली की मी वार्ताहराला फोन लावतो. वय किती? कुठं निघाला होता? घरी कोण? मागे एकदा ‘निर्घृण’ काढून ‘डबा घेऊन कामावर निघालेल्या’ एवढे शब्द घातले होते. वार्ताहर वाद घालतात, जोर गेला म्हणतात. क्वचित एखादी बातमी अशी येते की तो शब्द ठेवावाच लागतो. त्या दिवशी पानावर दुसरं विशेषण मी येऊ देत नाही.