वेग त्यांचा, जोखीम आपली!

मित्रांनो, अ‍ॅडमिशनचा सीझन आहे, घरोघरी नवीन डेस्कटॉप येतायत, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आपल्या अकोल्यात ओळखीच्या पोरांचे पीसी मी जोडून देतो, तपासून देतो. एक गोष्ट सारखी दिसते. रॅमच्या डब्यावर ठळक ६००० छापलेलं, पैसेही ६०००चेच मोजलेले, आणि मशीन मात्र ४८००वर चाललेलं. रॅम खोटी नसते बरं. डीडीआर-५चा प्रमाणित वेग ४८००पासून सुरू होतो. डब्यावरचा आकडा हवा असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं लागतं. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगतच नाही.

पण खरी मेख पुढे आहे. ते चालू करणं म्हणजे कंपन्यांच्या भाषेत ओव्हरक्लॉकिंग! आणि ओव्हरक्लॉकिंगने प्रोसेसर बिघडला तर इंटेल असो की एएमडी, वॉरंटी नाही. म्हणजे वेग दाखवून माल विकायचा, आणि तो वेग वापरला की जोखीम आपली. हा कुठला न्याय?

माझा ओव्हरक्लॉकिंगला विरोध नाही. जुन्या मशीनमधून आणखी चार वर्षं काम निघत असेल तर चांगलंच. पण हिशोब समजून करा. प्रोसेसरचा वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर वीज आणि उष्णता जवळपास ३३ टक्क्यांनी वाढते. यूट्यूबवाला एसीत बसून सेटिंग सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते. आणि रॅम जास्त ताणली तर मशीन दरवेळी हँग होऊन इशारा देतंच असं नाही. कधी कधी गुपचूप फाइल खराब होते. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्या पोराचं त्यात काय होईल, विचार करा.

शिवाय सगळा दोष 'छेडछाड करणाऱ्यांचा' असतो, असंही नाही. २०२४मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे बिघडू लागले, ओव्हरक्लॉक न केलेलेसुद्धा. मग कंपनीला मायक्रोकोड दुरुस्ती द्यावी लागली, वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली. ओरड झाली म्हणून झालं ते. यापैकी प्रोसेसर तुमच्याकडे असेल तर आधी बायोस अपडेट करा.

आता कामाचं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे स्पीड दिसतो. दुकानातच बघा. प्रोफाइल त्यांच्याकडूनच चालू करून घ्या, रात्रभर मेमटेस्ट लावायला सांगा, आणि 'या वेगाला तपासून दिलं' असं बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाले तर ४८००ची रॅम घ्या, पैसे तरी वाचतील.

कुणाशी भांडायला सांगत नाहीये. ज्याचे पैसे घेतले त्याची जबाबदारीही घ्या, एवढंच म्हणणं आहे. तुमच्या मशीनवर किती आकडा दिसतोय? कमेंटमध्ये टाका.