‘ह’च्या पलीकडले छत्तिसावे घर

आमच्या राज्याचे नाव हिंदीत ‘छत्तीसगढ़’ असे नुक्त्यासह लिहितात. मराठीत आपण तो नुक्ता सोडून देतो. कागदावर फरक एका टिंबाचा. संगणकात मात्र हा ‘ढ़’ दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘ढ’ आणि त्यामागोमाग वेगळा नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी. साध्या शोधात मराठी ‘छत्तीसगढ’ टंकले, तर दुसऱ्या रूपातले नाव सापडते, पहिल्या रूपातले सापडत नाही.

युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावलीच्या आधारे केली. प्रत्येक चिन्हाला क्रमाने एकेक घर मिळाले. म्हणून शोधसूत्रात [क-ह] असा पल्ला दिला की सारी व्यंजने आली, अशी प्रोग्राम लिहिणाऱ्याची समजूत होते. आपला ‘ळ’ ‘ल’च्या शेजारीच असल्याने तोही येतो. पण मात्रा आणि अनुस्वार बाहेर राहतात, पाय मोडण्याचे चिन्हही राहते. एकसंध ‘ढ़’ तर ‘ह’नंतर बरोबर छत्तिसाव्या घरात आहे, छत्तीस गडांच्या मुलुखाला हा योगायोग शोभतो खरा! फ्रेंचमधील चिन्हांकित अक्षरे ‘ए ते झेड’ या पल्ल्यातून निसटतात, त्याच जातीची ही अडचण आहे. तिथे एखादे अक्षर गळते. इथे मात्रा गळल्या की शब्दाचा सांगाडाच हाती उरतो.

‘ढ़’चा प्रश्न सुटण्यासारखा आहे. युनिकोडच्या सामान्यीकरणात एकसंध रूप फोडून ‘ढ’ आणि नुक्ता असे केले जाते. शोधापूर्वी दोन्ही बाजूंना ते लावले की काम भागते. ‘कऱ्हाडे’ या आडनावाला मात्र तो उपाय पुरत नाही. त्यातला अर्धा ‘ऱ’ खास ‘ऱ’ वापरून लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही. सामान्यीकरण या दोहोंना एक मानत नाही. ते अदृश्य चिन्ह देवनागरीच्या घरांतलेही नव्हे, त्यामुळे पल्ला कितीही ऐसपैस आखला तरी ते बाहेरच. शब्दातील अक्षरे ओळखताना मात्रादी चिन्हे आणि जोडचिन्हेही धरावीत, अशी युनिकोडच्या शोधसूत्रविषयक दस्तऐवजाची शिफारस आहे. तरीही हा अर्धा ‘ऱ’ एकाच रूपात आणण्याचा नियम आपणच लिहावा लागतो.

रायपुरात ही बाब केवळ तांत्रिक राहत नाही. १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. इथल्या मराठी घरांचे कागद मात्र पुढे हिंदीत लिहिले गेले. वारसनोंदीसाठी आजोबांचे नाव शोधावे आणि ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर यावे, तेव्हा नोंद नसतेच असे नाही. काळ्यांचे ‘काले’ लेखनिकाने केले असतील, तर तिथे कुठलेच सामान्यीकरण उपयोगी नाही, कारण ‘ळ’ आणि ‘ल’ ही खरोखरच वेगळी अक्षरे आहेत. त्यांना सरसकट एक मानणे मला पटत नाही. काळे निराळे, काले निराळे. शोधात दोन्ही नावे वेगवेगळी दाखवावीत आणि वडिलांचे नाव, गाव, साल ताडून निवड माणसाने करावी.