‘येतो’ या शब्दाची शिकवणी

बेळगावहून पिरनवाडी मागे टाकून जांबोटीच्या दिशेने निघाले, की शहराचा गलबला हळूहळू विरत जातो. हाच रस्ता पुढे मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी गाठून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरतो. भाद्रपदात त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे पोपटी झालेली असतात, बांधांवर पाणी झुळझुळत असते आणि तांबड्या मातीचा ओला वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो. किणये गावाच्या अलीकडे काजूच्या झाडांतून एक पायवाट वळते. तिच्या टोकाला उंच जाळीचे कुंपण, लोखंडी फाटक आणि त्यावर मराठीत व कन्नडात लिहिलेली साधी पाटी : ‘येथे कुत्री सांभाळली जातील.’

आपल्यापैकी पुष्कळांना ही संस्था नवखी वाटेल. शहापुरातल्या किंवा अनसुरकर गल्लीतल्या जुन्या घरांत कुत्रे कोणा एकाचे नसे. गावाला जाणारा शेजाऱ्याला ‘तेवढा भाकरतुकडा घाला’ असे सांगून निर्धास्तपणे निघे. आता ती सामाईक अंगणे राहिली नाहीत. शेजारी आहेत, प्रेमळही आहेत, पण तेही सुट्टी लागताच कुलूप लावून बाहेर पडतात. म्हणून असे निवास निघाले. शहरातली माणसे त्याला ‘केनेल’ किंवा ‘बोर्डिंग’ म्हणतात. बोर्डिंग हा शब्द आम्हा शिक्षकांना परका नाही. तेथे पोरांना सोडणाऱ्या आईबापांचे चेहरे मी तीस वर्षे पाहत आलो आहे.

आमच्यापुढचा प्रश्न मात्र थोडा अवघड होता. माझे थोरले बंधू मुधोळ भागात साखर कारखान्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतरही ते एकटेच तिकडे राहिले. त्यांच्या सोबतीला हरण्या नावाचा मुधोळी जातीचा कुत्रा होता. गेल्या चैत्रात एका पहाटे दादांची पिशवी भरली गेली, दारात मोटार आली आणि ते इस्पितळात गेले, ते परतलेच नाहीत. हरण्या फाटकापाशी बसून राहिला. पुढे त्याला आम्ही टिळकवाडीतल्या आमच्या घरी आणले. तो माणसाळला, पण घरातल्या कोणी प्रवासाची पिशवी हातात घेतली, की उंबऱ्यावर आडवा पडे आणि त्या दिवशी अन्नाला तोंड लावत नसे. पिशवी घेऊन गेलेला माणूस परत येत नाही, एवढे एकच ज्ञान त्याला अनुभवाने मिळाले होते.

आणि आम्हाला तर दसऱ्याच्या सुट्टीत दादांच्याच अस्थी घेऊन प्रयागला जायचे होते. पुण्यामार्गे जाऊन येऊन दहा रात्री.

त्याला बरोबर नेण्याचा विचार करून पाहिला. रेल्वेत कुत्र्याला आपल्याजवळ ठेवायचे, तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा कूपे किंवा अख्खी केबिन आपल्या नावावर असावी लागते. एरव्ही त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत होते. लांब पायांच्या, पळण्यासाठीच घडलेल्या त्या प्राण्याला दोन दिवस पेटीत कोंडणे मनाला पटेना. आमचे एक वृद्ध शेजारी म्हणाले, “गुरुजी, धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्गाचा रथ नाकारला. तुम्ही पैसे मोजून त्याला परक्याच्या दारी बांधणार?” महाप्रस्थानाला निघालेल्या पाच पांडवांसह द्रौपदी सहावी आणि तो श्वान सातवा, ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. मी त्यांना एवढेच म्हणालो, “काका, धर्मराज परत यायला निघाला नव्हता. न परतणाऱ्याने सोबत न्यावे. परतणाऱ्याने सांगून जावे.” उत्तर तोंडातून गेले खरे, पण कुत्र्याला सांगायचे कसे?

मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या शिकारी जातीला राजाश्रय दिला. मुधोळजवळ तिम्मापूर येथे तिचे संशोधन व संवर्धन करणारे केंद्र आहे आणि २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. दृष्टी तीक्ष्ण, वेग विलक्षण, पण स्वभाव लाजरा. परक्याचा हात अंगाला लागलेला या कुत्र्यांना रुचत नाही. डोके अरुंद आणि मान लांब, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढताच डोक्यावरून निसटतो. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून थंड फरशीही सोसत नाही. अशा पाहुण्याला ठेवायची जागा पारखूनच घ्यायला हवी होती.

किणयेच्या वाटेवरचे ते निवास चालवतात लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार. आम्ही न कळवता गेलो. फरशीला उतार होता आणि पाणी थेट नालीत जात होते. कुंपणाची जाळी जमिनीत हातभर गाडलेली होती. फाटके दोन, एकामागे एक, आणि पहिले लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही असा दंडक. आजारी जनावरासाठी वेगळी, दूरची खोली. परंतु माझा विश्वास बसला तो वेगळ्याच गोष्टीने. आम्ही दर विचारण्याआधी त्यांनी आम्हाला लसीकरणाचे पुस्तक विचारले. जो हा कागद मागत नाही, तो शेजारच्या कोठडीतल्या कुत्र्याचाही मागत नसणार, हे उघड आहे.

रेबीज, डिस्टेंपर, पार्वो आणि उंदरांच्या मूत्राने पावसाळी पाण्यातून पसरणारा लेप्टो, या लसी चालू असाव्यात. पुष्कळ कुत्री एकत्र राहतात तेथे खोकल्याची साथ येते. तिचीही लस असते. कोणतीही लस टोचताक्षणी काम करीत नाही, म्हणून राहायला पाठवण्यापूर्वी निदान दोन आठवडे ती झालेली असावी. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्या उताराच्या फरशीचे महत्त्व कळले. पावसाळ्यानंतर गोचिडांचा सुळसुळाट असतो. त्यावरचे औषध आणि जंताचे औषध निघण्याआधीच देऊन घेतले.

शरीराची तयारी अशी औषधांनी होते. मनाची तयारी कशी करावी, हे विचारले तेव्हा सुभेदार म्हणाले, “गुरुजी, ह्यास्नी तोंडानं सांगून कळत न्हाई. करून दाखवायला लागतंय.”

आपल्या घरांत निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. चुकून म्हटलेच, तर आजी दटावीत असे, “जातो नाही रे, येतो म्हण.” या एका शब्दात आपण परतण्याचे वचन देऊन ठेवतो. माणसाचे पोर तो शब्द ऐकून थांबते. कुत्र्याला शब्द पुरत नाही. त्याला ते वचन आगाऊ पाळून दाखवावे लागते, तेही पुन्हा पुन्हा.

आम्ही सहा आठवडे हाती घेतले. पहिल्या आठवड्यात प्रवासाची पिशवी माळ्यावरून काढून बैठकीत ठेवली. कोणी कोठेही गेले नाही. चार दिवसांनी हरण्याने तिच्याकडे पाहणे सोडले. मग मी ती खांद्याला लावून फाटकापर्यंत जाई आणि परत येई. पुढे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, नंतर व्हॅक्सिन डेपोच्या झाडीपर्यंत. एके काळी जेथे देवीची लस तयार होत असे, त्या आवारात भरलेली पिशवी घेऊन उगाच फेऱ्या घालणारा मुख्याध्यापक पाहून सकाळच्या फिरस्त्यांनी काय तर्क केले असतील, ते त्यांनाच ठाऊक! प्रत्येक वेळी निघताना एकच शब्द, त्याच स्वरात : ‘येतो.’

मग किणयेच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या रविवारी आम्ही दोघेही अर्धा तास त्याच्याबरोबर तेथे बसलो आणि त्याला घेऊन परतलो. दुसऱ्या रविवारी चार तास त्याला एकटे ठेवले. तिसऱ्या खेपेस एक रात्र. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी आम्ही दिसल्यावर माझ्या हातातली पिशवी त्याने बराच वेळ हुंगली. चौथ्या खेपेस दोन रात्री, आणि दुसऱ्या संध्याकाळी सुभेदारांचा निरोप आला, “अर्धी भाकरी खाल्ली.” परीक्षेत पहिला आलेल्या विद्यार्थ्याचा निकालही मी इतक्या आनंदाने कोणाला सांगितला नसेल.

सामान बांधताना एक पेच पडला. घरचा वास असलेली वस्तू बरोबर द्यावी, म्हणजे कुत्र्याला आधार वाटतो. हरण्या रोज दादांच्या जुन्या स्वेटरवर झोपतो. मला वाटले, तोच द्यावा. सौभाग्यवतींनी तो घडी करून कपाटात ठेवला आणि आमची रोजची गोधडी, न धुता, काढून दिली. म्हणाल्या, “जे परत येणार आहेत, त्यांचाच वास त्याच्याजवळ असू दे.” मला त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

त्याचे नेहमीचे खाणे दहा दिवसांचे मोजून दिले, कारण जागा आणि अन्न एकदम बदलले, की पोट बिघडते. एका कागदावर जेवणाच्या वेळा, भीतीच्या गोष्टी, डॉक्टरांचा व पुतण्याचा फोन, आणि कांदा, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट देऊ नये अशी सूचना लिहिली. पट्टा रुंद, डोक्यावरून न निसटणारा घेतला. दिवस सकाळचा निवडला, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी त्याला जागा पुन्हा ओळखीची व्हावी. निरोप लांबवला नाही. गळ्यात पडून रडणाऱ्या आईचे मूल वर्गात अधिक रडते, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. ‘येतो’ म्हटले आणि पाठ वळवली. तो जाळीपाशी उभा राहिला; भुंकला नाही.

प्रयागला संगमात नाव थांबली, अस्थी पाण्यात सोडल्या. निर्मळ यमुना आणि गढूळ गंगा यांच्या मधली रेषा पाहताना माझ्या मनात आले, की आम्ही हरण्याला जे शिकवले ते संपूर्ण सत्य नाही. गेलेले सगळेच परत येत नाहीत. हे त्याला आमच्याही आधी कळले होते. तरी माणसे पिढ्यानुपिढ्या ‘येतो’ म्हणूनच उंबरा ओलांडतात. हे वचन आपल्या हाती असेल तितके पाळायचे असते. संध्याकाळी सुभेदारांना फोन लावला. उत्तर आले, “दोन्ही वेळचं खाल्लंय. तुम्ही तिकडचं काम नीट करून या.”

अकराव्या दिवशी तो घरी आला. आवाज बसला होता, वजन थोडे उतरले होते. दोन दिवस पोट बिघडले आणि त्याने झोपच काढली. हे सारे स्वाभाविक असते, असे डॉक्टर म्हणाले. ज्या वाचकांना पुढच्या सुट्टीत कुत्र्याला कोठे ठेवावे लागणार आहे, त्यांनी तिकिटे काढली त्याच दिवशी ही शिकवणी सुरू करावी. निघण्याच्या सकाळी ती होत नाही.

आता आमच्या घरात कोणी पिशवी उचलली, की हरण्या मान वर करून पाहतो. उंबऱ्यावर आडवा होत नाही. ‘येतो’ ऐकू आले, की डोके पुन्हा पुढच्या पायांवर ठेवतो आणि डोळे मात्र फाटकाकडे लावून पडून राहतो.